हार्ड डिस्कचे दप्तर : पाहणी, वर्गवारी आणि निकाल

ज्या घरात संगणक येऊन पंधरा-वीस वर्षे लोटली आहेत, त्या घरातील कपाटाच्या एखाद्या खणात हाताच्या पंजाएवढी एक बाह्य हार्ड डिस्क बहुधा असतेच. आणि मुंजीपासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतच्या समारंभांची छायाचित्रे, जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या मैफिली, बदललेल्या प्रत्येक मोबाइलमधील सगळा ऐवज, कोणी कधी दिलेले चित्रपट आणि कार्यालयातून घरी आणलेली कागदपत्रे हे सारे तिच्यात इतक्या विश्वासाने व इतक्या अव्यवस्थेने साठत जाते, की ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश पडद्यावर उमटेपर्यंत तिच्या अंतरंगाची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तो संदेश आला म्हणजे सामान्य मनुष्य समोर दिसेल ते पहिले फोल्डर उघडतो आणि अंधूक आलेली, डोळे मिटलेली, एकाच प्रसंगाची चार-चार छायाचित्रे एकेक करून पुसू लागतो. तासाभराच्या श्रमाने अशी दोनशे छायाचित्रे निकालात निघाली, तरी प्रत्येकी पाच मेगाबाइटच्या हिशेबाने मोकळी होणारी जागा जेमतेम एक गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कचा हजारावा हिस्सा.

याचे कारण असे की, डिस्कवरची जागा ज्या वस्तू अडवून धरतात त्या, आणि ज्या पुसताना आपले मन घुटमळते त्या, या दोहोंचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. युनिकोड मराठीतील एक चिन्ह साठविण्यास यूटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट लागतात; म्हणजे पाच लाख चिन्हांची एखादी भरदार कादंबरी निव्वळ मजकूर म्हणून ठेवली, तर ती दीड मेगाबाइटमध्ये मावते. उलटपक्षी मोबाइलवर फोर-के प्रतीचा व्हिडिओ एच.२६४ या रूढ पद्धतीने टिपला, तर एका मिनिटाला साधारण ३५० मेगाबाइट खर्ची पडतात. अर्थात ती अख्खी कादंबरी अशा व्हिडिओच्या पाव सेकंदाएवढीच जागा मागते. तेव्हा पत्रे, कविता, हिशेब आणि आप्तांची छायाचित्रे यांच्यावर पहिली कुऱ्हाड चालविण्यात काडीचाही लाभ नाही. आधी वजनदार वस्तू, मग अदृश्य वस्तू, मग दुबार वस्तू, आणि ज्यांच्याविषयी जिव्हाळा आहे त्या सर्वांत शेवटी, हा क्रम एकदा पत्करला, म्हणजे निम्म्याहून अधिक काम मनाला कसलीही पीडा न होता पार पडते.

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांची जी वर्गवारी रूढ आहे, ती या कामी फार उपयोगी पडते. तेथे प्रकरण निकाली निघाले, की त्याचा कागद अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात जातो: ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जतन करावयाचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे, ‘क’ वर्गाचा काही थोडी वर्षे, आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभरात नष्ट करावयाचा. या व्यवस्थेतील शहाणपण असे, की कारकुनाला प्रत्येक कागदापाशी थांबून ‘हा ठेवू की फाडू’ असा प्रश्न पडत नाही. तो फक्त वर्ग ठरवितो आणि मुदत आपले काम करते. डिस्कवरच्या फायलींचा निकालही याच रीतीने लावता येतो. परंतु वर्गवारीच्या आधी पाहणी झाली पाहिजे, आणि पाहणीच्याही आधी डिस्क धडधाकट आहे की नाही हे पाहिले पाहिजे.

आरंभीची खबरदारी

डिस्क जोडल्यावर तिच्यातून टक्‌टक् असा आवाज येत असेल, फोल्डर उघडण्यास अकारण मिनिट-मिनिट लागत असेल, किंवा एखादी फाइल कॉपी होता होता मध्येच अडत असेल, तर त्या डिस्कवर साफसफाईचा कोणताही प्रयोग करू नये. प्रथम तिच्यातील महत्त्वाचा ऐवज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, कारण आजारी डिस्कला छाननीसाठी तासन्‌तास फिरवीत ठेवणे म्हणजे तिचे शेवटचे श्वास वाया घालविणे होय. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेद्वारे ठेवीत असते आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रॅमने ती नोंद वाचता येते. तेथे प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला तरी पुढच्या सर्व कामाची पूर्वअट एकच: ज्या वस्तू गमावणे परवडणार नाही, त्यांची एक प्रत दुसऱ्या कोठेतरी असल्याची खात्री करून घेतल्यावाचून पुसण्याच्या कळीला हात लावू नये.

क्षमतेचा खरा हिशेब

पुष्कळांची पहिली तक्रार ही असते, की एक टेराबाइटची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटच दाखविते, सबब उरलेली जागा कोणीतरी गिळंकृत केली असावी. येथे लबाडी कोणाचीच नाही. उत्पादक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी, अर्थात १०,००,००,००,००,००० बाइट असा दशमान हिशेब धरतात. विंडोज मात्र एक गिगाबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट असा १०२४च्या पटीतील हिशेब धरते, आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागले असता ९३१च येतात. मॅकने २००९ सालच्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून दशमान पद्धत स्वीकारली, म्हणून तीच डिस्क तेथे पूर्ण भरते. हे ध्यानात असले म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या एकोणसत्तर गिगाबाइटांचा शोध घेण्यात वेळ दवडला जात नाही.

पाहणी

फोल्डर एकामागून एक उघडून वजनदार फाइल शोधणे हा निष्फळ खटाटोप आहे; त्यासाठी संपूर्ण डिस्कची मोजणी करून तिचा नकाशाच समोर मांडणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. विंडोजवर विनडर्स्टॅट, ट्रीसाइझ किंवा विझट्री, मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह किंवा ओम्निडिस्कस्वीपर, आणि लिनक्सवर बाओबाब अथवा एनसीडीयू यांपैकी कोणताही एक पुरे. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर विझट्री फार वेगाने काम करतो, कारण तो एकेक फोल्डर न धुंडाळता त्या डिस्कची मुख्य नोंदवहीच थेट वाचतो. मात्र त्यासाठी त्याला प्रशासकाचा अधिकार द्यावा लागतो. विनडर्स्टॅटच्या नकाशात प्रत्येक फाइल एका रंगीत चौकटीच्या रूपाने दिसते आणि चौकट जेवढी मोठी तेवढे फाइलचे वजन अधिक, त्यामुळे ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्यालाही कोणत्या दिशेने पाहावे हे क्षणात कळते.

या पाहणीत बहुधा ठरावीक मंडळी हाती लागतात: ‘आयएसओ’ स्वरूपातील जुन्या सीडी-डीव्हीडींच्या प्रतिमा, आता कोणत्याच संगणकावर चालणार नाहीत अशा प्रोग्रॅमचे इन्स्टॉलर, नवा संगणक घेताना जुन्या संगणकाची सरसकट उचललेली संपूर्ण सी ड्राइव्ह, एकदा पाहिलेले चित्रपट, आणि संपादन पुरे झाल्यावरही तशीच राहिलेली कच्ची चित्रफीत. जुन्या सी ड्राइव्हच्या प्रतीत विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स इत्यादी फोल्डर असतात. ते अशा प्रतीवरून पुन्हा चालविता येत नसल्याने निरुपयोगी होत. आपला खरा ऐवज युजर्स या फोल्डरात असतो, तेवढा तपासून बाजूला काढला म्हणजे उरलेला भाग निःशंकपणे ‘ड’ वर्गात घालावा. मात्र काही मंडळी टॅली किंवा तत्सम हिशेबाच्या प्रोग्रॅमचा विदा डिस्कच्या मुळाशी वेगळ्या फोल्डरात ठेवतात, तेवढा पाहून घ्यावा.

अदृश्य कब्जेदार

पाहणीचा आकडा आणि आपल्याला दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज यांत मोठी तफावत आढळली, तर ती जागा लपविलेल्या फोल्डरांच्या कब्जात असते. विंडोजमध्ये बाह्य हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल त्याच डिस्कवरील ‘रिसायकल बिन’मध्ये जाऊन पडते; छोट्या पेनड्राइव्हवर बहुधा असे घडत नाही, म्हणून पुष्कळांचा असा समज असतो की बाह्य साधनावरून पुसलेले ते कायमचेच गेले. शिवाय हा बिन प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे स्वतंत्र असतो. भावाच्या, मेहुण्याच्या किंवा कचेरीतल्या संगणकाला डिस्क जोडून तेथे जे पुसले, ते त्या-त्या खात्याच्या पोटफोल्डरात तसेच पडून राहते आणि आपण आपल्या संगणकावर कितीही वेळा बिन रिकामा केला तरी त्यास धक्का लागत नाही. अशा वेळी लपविलेल्या व संरक्षित फायली दाखविण्याची सोय चालू करून डिस्कवरील ‘$रिसायकल.बिन’ हे फोल्डरच पुसावे. विंडोज गरज पडताच ते नव्याने निर्माण करते, त्यामुळे यात धोका नाही. धोका असलाच तर तो एवढाच, की आत कोणाचे काही हवे असलेले पडले असेल. तेव्हा त्या माणसाला आधी विचारावे.

मॅकवर हीच गोष्ट ‘.ट्रॅशेस’ या लपलेल्या फोल्डरात घडते. फाइल ट्रॅशमध्ये टाकून डिस्क काढून घेतली, तर जागा मोकळी होत नाही; डिस्क जोडलेली असतानाच ट्रॅश रिकामा करावा लागतो. लपलेले फोल्डर पाहण्यासाठी फाइंडरमध्ये कमांड आणि शिफ्ट यांच्या जोडीने पूर्णविरामाची कळ दाबावी. त्याच यादीत स्पॉटलाइटची अनुक्रमणिका दिसेल, परंतु ती शोधकार्यास लागते आणि पुसली तरी पुन्हा तयार होते, म्हणून तिच्या वाटेस जाऊ नये.

विंडोजमधील ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे फोल्डर मात्र हाताने कधीही पुसू नये. त्यात पूर्वस्थिती राखण्यासाठी घेतलेल्या प्रती असू शकतात आणि त्या कधीकधी दहा-वीस गिगाबाइटही व्यापतात. परंतु त्यांचा बंदोबस्त करण्याचा रीतसर मार्ग म्हणजे ‘सिस्टिम प्रोटेक्शन’च्या पानावर जाऊन त्या डिस्कसाठी हे संरक्षण बंद करणे किंवा त्याची कमाल मर्यादा खाली आणणे. याखेरीज ‘फाउंड’ या नावाने सुरू होणारे आणि आत ‘सीएचके’ प्रत्ययाच्या फायली असलेले फोल्डर आढळले, तर ते डिस्क-दुरुस्तीच्या वेळी सापडलेल्या फायलींच्या तुकड्यांचे असते; त्यात काही हरवलेले नाही याची खातरजमा करून ते काढून टाकावे.

बॅकअपच्या बाबतीत

ज्या डिस्कवर संगणक आपोआप बॅकअप घेतो, ती भरलेली दिसणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. मॅकमधील टाइम मशीन गेल्या चोवीस तासांच्या दर तासाला एक, गेल्या महिन्याच्या दर दिवसाला एक आणि त्यापूर्वीच्या काळासाठी दर आठवड्याला एक अशा प्रती राखते, आणि जागा संपली म्हणजे सर्वांत जुनी प्रत आपण होऊन रद्द करते. तेव्हा अशा डिस्कवर घरचा अन्य ऐवज ठेवणे हीच मुळात चुकीची वहिवाट होय: टाइम मशीन वाढत वाढत सर्व जागा व्यापणार आणि आपण मात्र तिसऱ्याच गोष्टी पुसत बसणार. बॅकअपसाठी स्वतंत्र डिस्क, निदान स्वतंत्र विभाग राखून ठेवावा, आणि त्यातील फायली फाइंडरमधून ओढून पुसण्याचा उद्योग करू नये.

विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ची गोष्ट निराळी आहे. तिच्यात फाइलची प्रत्येक आवृत्ती कायम ठेवावी अशी मूळ योजना असते, म्हणून रोज बदलणाऱ्या एकाच हिशेबवहीच्या शेकडो आवृत्त्या डिस्कवर साठत राहतात. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरीच्या प्रगत मांडणीत जाऊन ‘क्लीन अप व्हर्जन्स’ ही सोय वापरली आणि एक वर्षाहून जुन्या आवृत्त्या काढण्याचा हुकूम दिला, तर पुष्कळ जागा एका फटक्यात सुटते; तेथेच आवृत्त्या राखण्याची मुदतही ठरवून देता येते.

दुबार प्रतींची छाननी

मोबाइल बदलताना जुन्याचा सगळा ऐवज डिस्कवर उतरवायचा, तोच ऐवज नव्या मोबाइलमध्येही जायचा, आणि पुढच्या खेपेस पुन्हा सगळा डिस्कवर यायचा, अशा आवर्तनाने एकाच छायाचित्राच्या तीन-चार प्रती निर्माण होतात. त्या शोधण्यासाठी डुपगुरू किंवा च्काव्का हे विनामूल्य प्रोग्रॅम चांगले आहेत. ते निव्वळ नावावर विसंबत नाहीत. फाइलच्या प्रत्यक्ष आशयाची तुलना करतात, किंवा त्या आशयावरून गणिताने काढलेली एक लहानशी खूण, जिला ‘हॅश’ म्हणतात, ती ताडून पाहतात. त्यामुळे नावे भिन्न आणि आशय एकच असलेल्या फायलीही पकडल्या जातात.

यात तीन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली ही, की एकाच डिस्कवरील दोन प्रती म्हणजे सुरक्षितता नव्हे. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जातील, म्हणून त्यांतील एक निर्धास्तपणे काढावी. याउलट दुसऱ्या डिस्कवर असलेली प्रत हे संरक्षण आहे. तिला दुबार समजून पुसू नये. दुसरी गोष्ट व्हॉट्सअॅपची. त्यावरून नेहमीच्या पद्धतीने आलेले छायाचित्र आक्रसलेले असते आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले याची आतली नोंदही त्यातून गळालेली असते. म्हणून मूळ छायाचित्र आणि ही प्रत आशयाने तंतोतंत जुळत नाहीत व हॅशच्या तपासणीत सुटून जातात. डुपगुरूमध्ये दृश्यसाम्यावरून चित्रे जुळविण्याची वेगळी सोय आहे, ती वापरावी आणि दोहोंपैकी अधिक वजनाची, मूळ तारखेची प्रत राखावी. व्हॉट्सअॅपच्या चित्रांच्या फोल्डरात ‘सेंट’ नावाचा एक पोटफोल्डरही असतो. आपण धाडलेल्या छायाचित्रांच्या प्रती त्यात पडून असतात, आणि मूळ चित्रे जवळ असल्यास तो पूर्णतः ‘ड’ वर्गाचा मानावा. दर सकाळी येणारी फुलांची व सुविचारांची चित्रे कोणत्या वर्गाची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट अशी, की अॅपलच्या फोटोजसारख्या प्रोग्रॅमची जी ‘लायब्ररी’ असते, तिच्या पोटात शिरून दुबार फायली काढू नयेत. तेथील प्रत्येक फाइलची नोंद प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत असते. फाइल गेली आणि नोंद राहिली, की सगळाच हिशेब विसकटतो. अशा संग्रहातील छाटणी त्या-त्या प्रोग्रॅममधूनच करावी.

लहान फायलींचे मोठे क्षेत्रफळ

कधीकधी असा चमत्कार दिसतो, की एखाद्या फोल्डराचा आकार दोन गिगाबाइट आणि डिस्कवरील त्याचा व्याप मात्र त्याच्या कितीतरी पट. डिस्क आपली जागा ‘क्लस्टर’ नामक ठरावीक मापाच्या तुकड्यांनी वाटते आणि फाइल कितीही चिमुकली असली तरी तिला किमान एक पूर्ण तुकडा द्यावाच लागतो. विंडोजच्या मूळ मांडणीत एनटीएफएस डिस्कवर हा तुकडा बहुधा ४ किलोबाइटचा असतो. एक्सफॅट पद्धतीच्या, ३२ गिगाबाइटहून मोठ्या डिस्कवर तो १२८ किलोबाइटचा असतो. म्हणजे दोन-दोन किलोबाइटच्या एक लाख फायली एक्सफॅटवर ठेवल्या, तर त्यांच्या दोनशे मेगाबाइटच्या ऐवजासाठी जवळजवळ तेरा गिगाबाइट अडतात. विंडोज आणि मॅक अशा दोन्ही घरांत फिरणारी डिस्क सामान्यतः एक्सफॅट असते, आणि मॅक तीवर टिंब व अधोरेखेने सुरू होणाऱ्या लहान-लहान जोडफायलीही निर्माण करतो; त्यांतील प्रत्येकीला एकेक तुकडा जातो. उपाय सोपा आहे: ज्या फोल्डरात असंख्य बारीक फायली आहेत आणि जे वारंवार उघडावे लागत नाही, त्याची एकच झिप फाइल करावी, ती उघडून तपासावी आणि मग मूळ फोल्डर काढावे.

झिपचा उपयोग मात्र याच्या पलीकडे ताणू नये. जेपेग छायाचित्रे, एमपी-थ्री गाणी, एमपी-फोर व्हिडिओ यांचे संकोचन आधीच झालेले असते. डॉक्स स्वरूपाचा वर्डचा दस्तऐवज तर आतून झिपच असतो. त्यांना पुन्हा झिप केल्याने वेळ जातो, जागा वाचत नाही.

स्वरूप बदलून होणारी बचत

जेथे पुसणे अशक्य आणि ठेवणे अवघड, तेथे स्वरूपांतराचा मार्ग आहे. मैफिलींचे किंवा व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण सीडीच्या प्रतीच्या वेव्ह स्वरूपात असेल, तर एका तासाला ६३५ मेगाबाइट लागतात. तेच फ्लॅक स्वरूपात आणले तर साधारणतः निम्म्याच्या आसपास जागेत मावते. आणि विशेष हे, की त्यात आवाजाचा एक कणही गमावला जात नाही, हवे तेव्हा मूळ वेव्ह जशीच्या तशी परत मिळते. एमपी-थ्रीचे तसे नाही. ते आणखी लहान होते, पण टाकलेला भाग कायमचा जातो. तेव्हा दुर्मीळ मैफिलीस फ्लॅक, आणि प्रवासात ऐकावयाच्या प्रतीस एमपी-थ्री, असा विवेक करावा.

जुन्या ग्रंथांची व दिवाळी अंकांची पाने ज्यांनी स्कॅन करून ठेवली आहेत, त्यांच्या डिस्का टिफ फायलींनी भरतात. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर ते असंकोचित टिफमध्ये सुमारे २६ मेगाबाइट होते. दोनशे पानांच्या पुस्तकाला पाच गिगाबाइटांहून अधिक लागतात. काळ्या मजकुराच्या पानाला रंगाचे प्रयोजन नसते. करड्या छटेत तेच पान एक-तृतीयांश होते, आणि टिफमध्येच असलेली एलझेडब्ल्यूसारखी निर्दोष संकोचनाची सोय वापरली तर त्याहूनही खाली येते. मुखपृष्ठे आणि रंगीत चित्रे तेवढी रंगीत ठेवावीत.

लग्नमुंजीच्या मिनी-डीव्ही कॅसेटींवरून उतरवलेल्या मूळ चित्रफितीला तासाला जवळजवळ १३ गिगाबाइट लागतात. हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅमने ती एच.२६४मध्ये बदलली, तर पाहण्याजोगी चांगली प्रत दोन-तीन गिगाबाइटांत बसते; २०१३ साली प्रमाणित झालेली एच.२६५ ही पुढची पद्धत तेवढ्याच दर्जासाठी आणखी कमी, ढोबळमानाने निम्मी जागा मागते, पण जुन्या दूरचित्रवाणी संचांवर ती चालेलच असे नाही. हे स्वरूपांतर सदोष असते, म्हणजे प्रत्येक वेळी थोडा तपशील हरपतो. म्हणून एकदा बदललेली फीत पुन्हा पुन्हा बदलू नये, आणि जिची मूळ कॅसेट आता उरलेलीच नाही अशा एखाद्या अमोल फितीची मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर राखूनच मग लहान प्रत वापरात आणावी.

वर्गवारी आणि मुदत

एवढे सर्व झाल्यावर जे उरते, त्याचा निवाडा आपल्यालाच करावा लागतो आणि येथेच अ, ब, क, ड ही चार फोल्डरे उपयोगी पडतात. ‘अ’मध्ये पुन्हा मिळणे अशक्य असे सर्व घालावे: माणसांची छायाचित्रे, आवाज, पत्रे, स्वतःचे लेखन, घरादाराचे दस्तऐवज. ‘ब’मध्ये कायद्याने किंवा व्यवहाराने ज्यांची मुदत ठरली आहे ते कागद, उदाहरणार्थ जीएसटीखाली नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा ते फोल्डर कोणत्या साली मोकळे करावयाचे हे त्याच्या नावातच लिहून ठेवावे. ‘क’मध्ये चालू कामाच्या फायली व पुन्हा पाहावेसे वाटणारे चित्रपट. ‘ड’मध्ये इंटरनेटवरून केव्हाही पुन्हा मिळेल असे सर्व.

‘अ’ वर्ग लावताना मराठी माणसाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडील लेखन श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत होत असे, आणि छपाईची पुस्तके पेजमेकरमध्ये जुळविली जात. त्या फायली त्यांच्या मूळ फॉन्टखेरीज उघडल्या, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसतो. ‘फॉन्ट्स’ नावाचे एखादे क्षुल्लक दिसणारे जुने फोल्डर साफसफाईच्या भरात पुसले गेले, तर त्याने काही मेगाबाइट सुटतील, पण वीस वर्षांचे लेखन वाचण्याची किल्लीच हरवेल. ते फोल्डर ‘अ’मध्ये घालावे, आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा, त्यास किती थोडी जागा लागते हे वर सांगितलेच आहे.

पुसण्याची रीत

एखादा ऐवज दुसऱ्या डिस्कवर हलवावयाचा झाल्यास ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नये. कॉपी करावी, दोन्हीकडील फायलींची संख्या व बाइटांची बेरीज ताडून पाहावी, मधल्या दोन-चार फायली उघडून बघाव्यात, आणि मगच मूळ पुसावे. ‘ड’ वर्ग तत्काळ न पुसता त्यास तारीख घालून महिनाभर तसाच ठेवावा. त्या अवधीत घरातील कोणी एखादी वस्तू मागितली तर ती परत देता येते. शिफ्ट दाबून डिलीट करण्याची सवय वेळ वाचविते खरी, पण बिनमधून परत आणण्याची वाटही बंद करते. तरीही चुकून काही गेलेच, तर त्या डिस्कवर त्या क्षणापासून काहीही नवे लिहू नये: फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर पुसण्याने बहुधा केवळ नोंद जाते, आशय नवी फाइल वर येईपर्यंत राहतो आणि फोटोरेक किंवा टेस्टडिस्क यांनी पुष्कळदा परत मिळतो. एसएसडीवर ही आशा धरू नये, कारण तेथे ‘ट्रिम’ ही आज्ञा मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते. काम संपल्यावर डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावी.

शेवटी प्रश्न राहतो तो नव्या डिस्कचा. सर्व छाननी होऊनही दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राहत नसेल, आणि जे उरले ते सारे ‘अ’ व ‘ब’ वर्गाचेच असेल, तर आणखी पुसण्याचा हट्ट सोडून दुसरी डिस्क घ्यावी. दस्तऐवजांचा संकोच करण्यास जशी मर्यादा असते, तशी काटकसरीलाही असावी. घेताना अतिस्वस्त दराने अवाढव्य क्षमता सांगणाऱ्या डिस्का टाळाव्यात. त्यांच्यापैकी काहींत क्षमतेचा आकडा खोटा कोरलेला असतो आणि खरी जागा संपल्यावर पुढचा ऐवज मुकाट्याने नष्ट होतो. विकत घेतल्याबरोबर, काहीही भरण्यापूर्वी, एचटू-टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने ती काठोकाठ लिहून-वाचून पाहावी. नव्या डिस्कवर पहिल्या दिवशीच चार वर्गांची चार फोल्डरे करावीत, प्रत्येक ऐवज आत येतानाच त्याचा वर्ग ठरवावा, आणि वर्षातून एकदा, मार्चअखेर हिशेब मिटविताना, ‘ड’ वर्ग रिकामा करून ‘ब’ वर्गातील मुदत संपलेले कागद काढावेत. मग पुढच्या छाननीला एक दुपार पुरेल.